धुरोबा, उधळ्या आणि मोतीराम सर

मोतीराम सर म्हटलं की मला आधी त्यांचं नाक आठवतं, मग बाकीचे सर. नाक तसं साधंच, जरा बसकं. पण समोर काही ओंगळ दिसलं की ते एका बाजूने वर चढायचं, नाकपुडी फुगायची आणि सर अगदी शांत आवाजात म्हणायचे, "मले ओकारी येते." कुणी चहाच्या कपात बोट बुडवून माशी काढली तरी हेच म्हणायचे, आणि झेंडावंदनाला आलेल्या पाहुण्याने 'माझ्या गोरगरीब बांधवांनो' अशी सुरुवात केली तरी हेच. दोन्ही वेळी आवाज तोच, नाकही तेच.

वडसावळीची आमची जिल्हा परिषदेची शाळा दिग्रसहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. शाळेच्या एका अंगाला गाव आणि दुसऱ्या अंगाला तांडा. गावात कापूस, सोयाबीन, तूर करणारी जुनी शेतकरी घरं. तांड्यावरचे लोकही आता शेतीच करतात, पण त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडणारे. घरात ते गोरबोली बोलतात, बाहेर आपली वऱ्हाडी. सर याच तांड्याचे. मी दिग्रसची, इथे शिकवायला रोज एसटीने ये-जा करणारी. माझ्या माहेरी कापूस पिकतो, म्हणजे तसं पाहिलं तर मी गावाच्या बाजूची. पण सरांनी माझ्याकडे कधी तसं पाहिलं नाही.

त्यांच्या पॅन्टच्या दोन्ही खिशात एकेक रुमाल असे. उजवा स्वतःसाठी, डावा जगासाठी. कुलूप, नळ, खुर्चीची पाठ, मुख्याध्यापकांनी पुढे केलेला पेन, हे सगळं डाव्या रुमालाने धरायचं. स्वतःचा स्टीलचा पेला ते खिळ्याला पालथा टांगत. शाळेतल्या कुणाच्याही डब्यातला घास त्यांनी कधी घेतला नाही आणि कुणाला आपल्यातला दिला नाही. नवीन असताना मी एकदा आग्रहाने ज्वारीची भाकर आणि ठेचा पुढे केला, तर म्हणाले, "मॅडम, राग नका मानू. तुमची भाकर चांगलीच असन. पण तुमी तिच्यातून एक घास तोडला हाये."

"मग काय झालं?"

"काही नाही. मले नाही जमत."

असा हा माणूस पहिलीच्या पोरांची शेंबडी नाकं मात्र बिनधास्त पुसायचा, आणि तीही उजव्या रुमालाने. एकदा सहलीला बसमध्ये पोरं भडाभडा ओकली. आम्ही दोघी-तिघी मॅडम पदर नाकाला लावून खिडकीशी गेलो, आणि सर खाली बसून वर्तमानपत्राने ते सगळं भरत होते. नाक जागच्या जागी. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "लेकराची घाण घाण नसते. पाण्यानं निंगून जाते थे. मोठ्या माणसाची निंगत नाही."

सर विज्ञान आणि चित्रकला शिकवत. पण पोरं त्यांना ओळखत ती 'दोनपाणी'मुळे.

दोनपाणी हा सरांनी काढलेला देश. सातवीच्या वर्गात गावाची पोरं एका रांगेत आणि तांड्याची दुसऱ्या रांगेत बसत, कुणी न सांगता. एकदा ऑफ तासाला त्यांच्यात ढकलाढकली झाली. सर आत गेले, कुणाला रागावले नाहीत. फळ्यावर खडूने दोन नद्या काढल्या आणि मधे काळी जमीन. म्हणाले, "हा दोनपाणी देश. इथं शेतीचे दोन देव हायेत अन् दोघांचं पटत नाही." पुढे वर्षभर, मग कितीतरी वर्षं, ती गोष्ट चालूच राहिली.

एक देव धुरोबा. धुरा म्हणजे शेताचा बांध, म्हणून धुरोबा. हा एका जागी बसणारा, जाडजूड, हातात दोरी. जमीन मोजावी, सरळ तास काढावे, रांगेत पेरावं, पिकलं ते कोठीत भरावं आणि आपल्या धुऱ्याच्या आत राहावं, ही त्याची शिकवण. त्याची माणसं शब्दाला पक्की. एकदा हद्द कबूल केली की वीतभरही सरकणार नाहीत. पण परका माणूस फाटकाबाहेरच बसवायचे.

दुसरा उधळ्या. त्याला शेत नाही, घर नाही. तो बैल घेऊन चालत राहतो आणि बैलाच्या खुरांतून, झुलीतून बी सांडत जातं. जिथे सांडेल तिथे उगवेल, जो आधी पोचेल तो खाईल. त्याच्या माणसांत साठवण म्हणजे पाप. एका ताटात सगळे जेवतात आणि वाटेवरचा कुणीही त्या ताटाशी बसू शकतो.

सर दोघांनाही सारखंच धुऊन काढत. धुरोबाच्या कोठीत धान्य इतकं साठलं की त्याला कीड लागली, सोंडे झाले, कोठी उघडली तर आंबूस वाफ अंगावर आली, तरी तो शेजाऱ्याला मूठभर देईना. आणि उधळ्याची माणसं चालायला लागली की जो म्हातारा, जी आजारी बाई चालू शकत नाही त्यांना झाडाखाली सोडून जात, मागे वळून बघत नसत. हे सांगताना सरांचं नाक दोन्हीकडे सारखं चढे. पोरांचे चेहरेही तसेच होत. मग सर विचारत, "मंग माती कोणाले द्याची?" आणि वर्गात जुंपायची. पण ती भांडणं वेगळी होती. मी शेजारच्या वर्गातून ऐकलंय, तांड्याची सोनी धुरोबाची बाजू घेऊन भांडत होती आणि गावच्या पाटलांचा नातू उधळ्याची.

एका पोरीने एकदा विचारलं, "सर, यातला खरा देव कोणता?"

"खरा कोणताच नाही. दोघंबी मीच बनवले."

"मंग आमी आयकाव कोणाचं?"

"पोटाचं," सर म्हणाले. "अन् दुसऱ्याच्याबी पोटाचं."

त्यांना स्वतःला हे कळलं कुठून, ते त्यांनी फक्त एकदा सांगितलं. त्यांचा आजा म्हणे गावच्या लोकांच्या नावाने नाक मुरडायचा, 'घरात धान्य सडवतात अन् दारातून माणूस हाकलतात'. आणि गावात पाणी प्यायला गेलं की तिथल्या बाया ओंजळीत वरून पाणी सोडायच्या, 'हे एकमेकाचं उष्टं खातात' म्हणून. "दोघं एकमेकाले पाहून थुंकत होते मॅडम. मी दोघांच्या मधून शाळेत जात होतो."

आता भिंतीकडे येते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

शाळेची रस्त्याकडची भिंत म्हणजे एसटीचा थांबा. आणि आमच्या यवतमाळात माणूस उभा राहिला की त्याच्या गालात खर्रा असतो. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो लगदा दिवसभर चघळायचा आणि पिचकारी जिथे मिळेल तिथे मारायची. आमची भिंत मिळाली होती. कमरेइतक्या उंचीपर्यंत लाल, तपकिरी, काळे ओघळ, वाळलेल्यावर ओले, ओल्यावर माशा. खाली पन्न्यांचा खच. उन्हाळ्यात त्या वासाने तिसरीच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागत. मला आजही तो वास आठवला की जेवण नको होतं. पोरांचा चेंडू तिथे पडला तर पोरं काडीने ओढून आणत.

मुख्याध्यापक म्हणाले, "देवांच्या टाइल्स बसवू. सगळे बसवतात. मग कोणी थुंकत नाही."

सरांनी उजव्या रुमालाने तोंड पुसलं. "सर, थुंकीवर पहाऱ्याले देव बसवता का? ज्याले आपण हात जोडतो त्याले तिथं?"

"मग तुम्हीच सुचवा."

सरांनी दिवाळीच्या सुट्टीत भिंत स्वतः खरवडली. मी एक दिवस गेले होते. नाकाला दोन्ही रुमाल बांधून ते लोखंडी पट्टीने पापुद्रे काढत होते आणि मधूनच बाजूला जाऊन ओकत होते. परत येऊन पुन्हा खरवडत. मग चुना मारला आणि चित्रं काढली. गावाच्या टोकाला धुरोबा, हातात दोरी, मागे कोठी. तांड्याच्या टोकाला उधळ्या आणि त्याचा झूल घातलेला बैल. मधे दोन नद्या आणि काळी जमीन. फार सुरेख काढलं होतं. धुरोबाचा चेहरा तर असा, की हा माणूस आता रागावेल की रडेल ते कळू नये.

थुंकणं थांबलं. लोकांना वाटलं, असेल कुठला तरी देव, आपण कशाला पाप घ्या. पन्न्या थोड्या लांब पडायला लागल्या. तिसरीच्या खिडक्या उघडल्या. सर आठवडाभर खुशीत होते, आणि खुशीत असले की ते काही बोलत नसत, फक्त शीळ घालत.

मग एका सकाळी धुरोबाच्या पायाशी हळदकुंकू आणि फोडलेला नारळ दिसला.

सरांनी बादली आणून धुतलं. दुसऱ्या दिवशी परत. परत धुतलं. गावातली एक म्हातारी सांगत होती, तिची गाय आटली होती, इथे हात जोडले आणि पान्हा फुटला. सरांनी तिला समजावलं, "माय, हे चित्र मी काढलं."

ती म्हणाली, "काढलं तुनंच रे बापा, पण काढून कोणी घेतलं?"

सर रिकामी बादली उचलून शाळेत गेले. 

म्हातारीचं सोडा. पण गावात गजूभाऊ होता. जीपवर मागे-पुढे स्वतःचा फोटो लावून फिरणारा, ग्रामपंचायतीवर डोळा असलेला. त्याने धुरोबावर टिनाचं शेड टाकलं, घंटा लावली, भगव्या रंगाने 'श्री धुरोबा देवस्थान' लिहिलं. सर त्याच्या घरी गेले, मी सोबत होते. गजूभाऊने बसायला खुर्ची दिली, चहा दिला. सरांनी चहाला हात लावला नाही.

"भाऊ, हा देव नाही. पोट्ट्याईच्या गोष्टीतला हाये. मी सांगून राह्यलो ना."

"सर, तुमाले कायले त्रास? तुमचंच नाव होऊन राह्यलं." गजूभाऊने खर्ऱ्याची पन्नी दाताने सोडली. "अन् गोष्ट म्हणता तं सगळ्याच देवाची गोष्टच असते. हा आपला शेतकऱ्याचा देव. हद्द सांभाळणारा. लोकाईले पाहिजे होता असा."

"कोणापासून सांभाळणारा?"

गजूभाऊ हसला आणि अंगणातल्या तुळशीमागे थुंकला. सर उठले.

आठवड्याभरात तांड्याच्या टोकाला दुसरं शेड उभं राहिलं. हे टाकणारा विनोद, सरांच्या सख्ख्या मोठ्या भावाचा मुलगा. सरांनी त्याला लहानपणी पाठीवर घेऊन नदी ओलांडली होती. तांड्याचे स्वतःचे देव होते, जुने, मानाचे, त्यांना कुणी विसरलं नव्हतं. तरी उधळ्याला झेंडा लागला, कारण पलीकडे धुरोबाला लागला होता. सर म्हणाले, "विनोद, तुले माहीत हाये हे खोटं हाये. तू माह्या वर्गात होता."

"हाव काका. पण त्याईचं खोटं चालते, मंग आपलं काहून नाही?"

त्या दिवशी स्टाफरूममध्ये येऊन सर बराच वेळ हात धूत राहिले. साबण संपला तरी पाण्याखाली धरून होते.

मला खरी किळस आली ती यापुढच्या गोष्टीची. शेड, झेंडे, घंटा हे सगळं आपल्याकडे सवयीचं झालंय. पण एका दुपारी मधल्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा दुसऱ्याला ओरडला, "ए उष्ट्या!" आणि दुसरा उलटून म्हणाला, "सोंड्या, किडक्या, जा सडव तुही कोठी!" सरांच्याच गोष्टीतले शब्द. एका ताटात जेवणारे म्हणून तांड्याची पोरं उष्टी, आणि कोठीत धान्य सडवणारे म्हणून गावची पोरं किडकी. हे त्यांना घरून शिकवलं होतं. मोठी माणसं हसत हसत पोरांच्या तोंडात घालत होती. मोबाइलवर फिरत होतं. सरांनी ज्या गोष्टीत दोघांना स्वतःची घाण दाखवली होती, त्या गोष्टीतली फक्त दुसऱ्याची घाण त्यांनी उचलून नेली होती.

शाळेत खिचडी शिजवायची तांड्यावरची कमलाबाई. स्वच्छ बाई, हाताला चव. ती बरीच वर्षं शिजवत होती आणि अख्खं गाव तिची खिचडी खाऊन मोठं झालं होतं. एके दिवशी गावच्या पोरांनी ताटं पुढे केली नाहीत. विचारलं तर खाली बघत. एक पोरगी म्हणाली, "बाबा म्हणते, धुरोबाले उष्टं चालत नाही."

कमलाबाई डाव हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग तिने तो पातेल्यात ठेवला आणि पदराने हात पुसत बसली. पुसतच बसली.

असं बरेच दिवस चाललं. गावची पोरं घरून डबे आणत, ज्यांच्या घरी सकाळी कुणी नसे ती उपाशी बसत. ताटात खिचडी घेऊन एखादं पोरगं हळूच कोपऱ्यात जाई, दोन घास खाई आणि कुणी पाहिलं की ताट तसंच टाकून पळे. मुख्याध्यापकांनी पालकांची सभा लावली. गजूभाऊ आला, विनोद आला, दोघांच्या मागे माणसं. पोरं व्हरांड्यात जेवायला बसली होती, दोन रांगांत, मधे भलं मोठं अंतर. सभा म्हणजे नुसता आरडाओरडा. गजूभाऊ म्हणाला, बाई बदला. विनोद म्हणाला, बदलून तर दाखवा. दोघेही मजेत होते, ते दिसत होतं.

 सर उठून व्हरांड्यात गेले. दोन रांगांच्या मधल्या जागेत मांडी घालून बसले. तांड्याच्या रांगेतल्या एका पोराने अर्धवट टाकलेलं ताट समोर होतं, त्यातली खिचडी बोटांनी चिवडलेली, कडेला चावून काढलेली मिरची. सरांनी ते ओढून घेतलं आणि खायला लागले.

सभेतला आवाज हळूहळू बंद झाला. सरांना ओळखणारी सगळी माणसं होती ती. हा माणूस भावाच्या लग्नातही आपला पेला घेऊन गेला होता हे गावाला आणि तांड्याला ठाऊक होतं. सर घास घेत, डोळे मिटून गिळत, पुढचा घेत. कपाळावर घाम आला होता. ते ताट संपल्यावर त्यांनी गावच्या रांगेतल्या एका पोराला विचारलं, "तुह्या डब्यात उरलं का?" त्याने भीतभीत डबा पुढे केला. पोळीचा कुस्करलेला तुकडा आणि भाजी. तेही त्यांनी खाल्लं. मग डबा बंद करून त्याच्या हातात दिला.

"हे इकडलं अन् हे तिकडलं," ते सभेकडे बघून म्हणाले. "दोन्ही पोटात गेलं. कोणाले काही इचाराचं असन तं इचारा."

 गावातली लताबाई, जिची मुलगी पाचवीत होती, ती तेवढी पुढे आली. मुलीचा दंड धरून तिला सरांशेजारी बसवलं आणि कमलाबाईला म्हणाली, "वाढ वं बाई. पोट्टी सकाळपासून उपाशी हाये, अन् इथं देवाचं चालू हाये."

सर उठून सावकाश चालत पाण्याच्या टाकीमागे गेले. मी तांब्या घेऊन मागे गेले. त्यांनी सगळं ओकून टाकलं, वाकून, भिंतीला धरून. चूळ भरली. म्हणाले, "जेवणाचं काही नाही मॅडम. जेवण बरं होतं. तो 'उष्टं' शब्द लागला तोंडाले. माहाच होता."

लताबाईमागोमाग आणखी काही बाया आपल्या पोरांना बसवून गेल्या. कमलाबाईचा डाव पुन्हा चालू लागला. इथे गोष्ट थांबली असती तर मी ती आनंदाने सांगितली असती. पण संध्याकाळपर्यंत कुणीतरी काढलेला व्हिडिओ दोन्हीकडे फिरला. विनोदच्या माणसांनी खाली लिहिलं, 'उधळ्याच्या भक्ताने धुरोबावाल्यांना दाखवली जागा.' गजूभाऊच्या माणसांनी लिहिलं, 'धुरोबाचा चमत्कार, विरोधकाला गावच्या अन्नापुढे वाकवलं.' त्या रात्री दोन्ही शेडांत आरती झाली.

सरांनी तो व्हिडिओ माझ्या मोबाइलवर पाहिला. नाक चढलं नाही. मला त्याचीच भीती वाटली.

रविवारी ते चुन्याची बादली घेऊन भिंतीशी गेले. दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर. आधी उधळ्या पुसला, मग धुरोबा. नद्यांवर कुंचला फिरवत होते तेव्हा लोक जमले. मी नव्हते, पण लताबाईने सगळं पाहिलं. ती म्हणाली, गावचे अन् तांड्याचे इतके लोक एका ठिकाणी तिने कधीच पाहिले नव्हते. कुणी कुणाला उष्टा म्हटलं नाही, कुणी किडका म्हटलं नाही. गोठ्यातून शेण आणलं ते गावच्या पोट्ट्याईनं, पाण्यात कालवलं ते तांड्याच्या पोट्ट्याईनं, आणि मिळून सरांच्या अंगावर टाकलं. डोक्यावरून, चष्म्यावरून, तोंडावरून. सर थांबले नाहीत, कोपरा राहिला होता तो पांढरा केला. मग बादली उचलून घरी गेले. गजूभाऊने विनोदच्या पाठीवर हात ठेवला होता, असं लताबाई म्हणाली. हे सांगताना ती दोनदा उंबऱ्याबाहेर जाऊन थुंकून आली.

तक्रारीवर दोन्हीकडच्या सह्या होत्या. भावना दुखावल्या. तालुक्याहून आलेल्या गटशिक्षणाधिकारी साहेबांनी सरांना बोलावलं, मुख्याध्यापकांच्या खोलीत, आम्ही दाराशी. साहेब चांगले होते, त्यांना मिटवायचं होतं. म्हणाले, "एक माफीनामा द्या. दोन्ही देवांची माफी मागतो, असं लिहा. विषय संपेल."

"लिहितो साहेब," सर म्हणाले. "पण कोणत्या पत्त्यावर लिहू? ते दोनपाणीत राहतात."

बदली झाली, उमरखेड तालुक्यात, ढाणकीच्याही पलीकडे. तिथूनच ते निवृत्त झाले. निरोपसमारंभ झाला नाही. जायच्या दिवशी कमलाबाई एकटी थांब्यावर आली होती.  तांड्यावर सरांचं घर आहे, पण ते नंतर तिथे राहायला आले नाहीत.

मग बऱ्याच वर्षांनी, मागच्या हिवाळ्यात, ते मला दिसले.

तोपर्यंत भिंत पाडून तिथे दोन पक्की मंदिरं झाली होती, मधे लोखंडी जाळी. शाळेचं दार मागच्या बाजूला गेलं. यात्रा भरते आता, दोन्हींची एकाच दिवशी, कारण आधी करू देणार कोण. शाळेला त्या दिवशी सुट्टी असते, पण मला कामासाठी यावं लागलं. परतताना थांब्यावर उभी होते, दोन्हीकडचे भोंगे एकमेकांवर ओरडत होते, खाली नारळाचं पाणी, बुक्का, चिखल, पत्रावळी, त्यावर कुत्री. आणि त्या गर्दीत सर. केस पांढरे, जरा वाकलेले. पुतणीच्या लग्नाला आले होते, परतीची बस पकडायची होती.

"चला मॅडम, पाहून घेऊ," ते म्हणाले.

आम्ही धुरोबाच्या मंदिरात गेलो. दिग्रसच्या कुणा पेंटरकडून चित्र नव्याने काढून घेतलं होतं, ऑइलपेंटमध्ये. धुरोबाला पिळदार दंड होते आणि हातात दोरीच्या जागी तलवार. चेहरा चकचकीत, रागीट. पुजारी बाहेरून आणलेला, सरांना ओळखत नव्हता. त्याने आपणहून माहिती सांगितली, "स्वयंभू आहेत. भिंतीतून प्रकटले. एका नास्तिकाने पुसले होते, त्याचा वंश बुडाला."

सरांचे दोन मुलगे यवतमाळला लोहारा एमआयडीसीतल्या कारखान्यात आहेत, नातवंडं आहेत. सर म्हणाले, "अस्सं. अन् तलवार कायले?"

"देवाला शस्त्र लागतंच."

"कोणाले मारते?"

पुजाऱ्याने जाळीपलीकडे मान हलवली. उधळ्याच्या हातात मला त्रिशूळ दिसला. बैल छोटा झाला होता, कोपऱ्यात.

"नवस बोला," पुजारी म्हणाला. "कानात बोलायचं. ऐकतात."

मला वाटलं सर आता निघतील. पण ते चपला काढून गाभाऱ्यात गेले, हार बाजूला सारला आणि त्या रंगवलेल्या कानाशी तोंड नेलं. लोक रांगेत थांबले होते. सर काहीतरी बोलले, मोजकंच, आणि बाहेर आले. पुजाऱ्याने त्यांच्या कपाळाला बुक्का लावला, त्यांनी लावू दिला.

थांब्यावर आल्यावर मी विचारलं, "काय मागितलं सर?"

"मागतो काय त्याले. सांगतलं."

"काय?"

"म्हटलं, बाप्पा, आता मर."

पुसदची बस आली. त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

"आणि पलीकडच्याला? त्याच्या कानात नाही बोललात?"

पायरीवर पाय ठेवून ते वळले. मागे भोंग्यांचा आवाज इतका होता की त्यांना ओरडून सांगावं लागलं.

"त्याले सांगाची गरज नाही मॅडम. हा मेला का तो जगूच शकत नाही."

कंडक्टरने दार ओढलं. आत उभ्या माणसांची खूप गर्दी होती, मला ते पुन्हा दिसले नाहीत.